सामायिक सुतारशाळेची नोंदणी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारात हौशी माणसं एकत्र येऊन सुतारकामाचं मंडळ काढतात, तेव्हा पहिली खरेदी बहुतेक वेळा टेबल सॉची, म्हणजे मेजात बसवलेल्या विजेच्या गोल करवतीची होते. मग जागेचा करार, नोंदणी, वीजजोडणी हे सगळं त्या यंत्राच्या मागे धावत राहतं. क्रम असा ठेवा: आधी घटना (ज्ञापनपत्र आणि नियमावली), मग जागा, मग नोंदणी, मग वीज, आणि यंत्रं सगळ्यांत शेवटी.

कोण अर्ज करू शकतं?

संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था काढायला किमान सात सज्ञान व्यक्ती लागतात. सातही जण एकाच घरातले घेऊ नका. महाराष्ट्रात त्याच संस्थेची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदणी करावी लागते. दोन्ही अर्ज धर्मादाय कार्यालयाकडेच जातात आणि प्रमाणपत्रंही दोन मिळतात; दुसऱ्यावर ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक असतो. बँक दोन्ही मागते.

उद्देशात ‘सभासदांचा छंद जोपासणे’ एवढंच लिहिलं तर अर्ज अडकू शकतो. १९५० च्या अधिनियमाच्या कलम ९ मध्ये करमणुकीच्या आणि फावल्या वेळच्या उद्योगांच्या सोयी धर्मादाय मानल्या आहेत, पण त्या समाजकल्याणासाठी आणि लोकहितासाठी असतील तरच. म्हणून सुतारकामाचं शिक्षण आणि हत्यारांचा सामायिक वापर हे उद्देश स्पष्ट लिहा आणि सभासदत्व कुणाही सज्ञान व्यक्तीला खुलं ठेवा. नावाचे तीन पर्याय द्या. मिळतंजुळतं नाव आधी नोंदलेलं असेल तर पहिला पर्याय जातो.

नियमावलीत यंत्रांचा मालक ठरवा

छापील नमुन्याची नियमावली इथे पुरत नाही. एखादा सभासद स्वतःचा रंधा मशीन आणून ठेवतो आणि दोन वर्षांनी परत मागतो. ते मशीन दिलं होतं की ठेवलं होतं, याचा कागद नसेल तर मंडळ तिथेच फुटतं. प्रत्येक यंत्रासाठी ‘देणगी’ किंवा ‘वापरायला दिलेलं’ अशी सहीनिशी नोंद ठेवा. देणगी दिलेलं यंत्र संस्थेची जंगम मालमत्ता होतं. संस्था विसर्जित झाली तरी ते सभासदांत वाटता येत नाही, दुसऱ्या संस्थेकडे जातं. विसर्जनाला तीन पंचमांश सभासदांची संमती लागते. हे देणाऱ्याला आधीच सांगा.

यंत्र कोण चालवणार, किल्ली कुणाकडे, विक्रीसाठी फर्निचर करायचं असेल तर परवानगी कुणाची, हेही त्यातच लिहा. एकट्याने यंत्र चालवायचं नाही आणि फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालायचे नाहीत, हे दोन नियम भिंतीवर नव्हे, नियमावलीत हवेत. हातमोजा पात्यात अडकला की हात सोबत ओढला जातो.

अर्जासोबतचे कागद

विहित नमुन्यातला अर्ज, ज्ञापनपत्र (संस्थेचं नाव आणि उद्देश सांगणारा कागद), नियमावली, पहिल्या सभेचा ठराव, संस्थापक सभासदांची सहीची यादी (नाव, वय, व्यवसाय, पत्ता), कार्यकारिणीची संमतीपत्रं, अर्ज करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रांच्या प्रती आणि जागेचा पुरावा. आधारवरचं आणि यादीतलं नाव अक्षरशः सारखं ठेवा. एकीकडे वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल तर त्रुटी निघते.

जागेसाठी घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि मालकाचं संमतीपत्र. भाड्याची जागा असेल तर करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे ती मालकाची जबाबदारी आहे. शेतातली शेड स्वस्तात मिळते, पण सातबारा शेतीचाच असेल तर आधी अकृषिक वापराचं बघा.

वनविभाग: ३० सेंटिमीटरची रेघ

सर्वांत महाग चूक इथे होते. लाकूड उद्योगांबाबतच्या केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत लाकूड उद्योगाच्या परवान्यातून सूट मिळते का हे पाहताना बँडसॉ (सलग पट्टीच्या पात्याची करवत) आहे का आणि गोल पात्याचा व्यास ३० सेंटिमीटरच्या वर आहे का, हे बघतात. दहा इंची पातं २५.४ सेंटिमीटर, म्हणजे आत. बारा इंची पातं ३०.४८ सेंटिमीटर, म्हणजे रेघेबाहेर. दहा इंचीच घ्या. बँडसॉ हवाच असेल तर पैसे देण्याआधी उपवनसंरक्षक कार्यालयाला पत्र देऊन लेखी उत्तर घ्या.

सागाच्या प्रत्येक खरेदीचं बिल आणि वाहतूक परवान्याची प्रत एका फाईलीत लावा. सातपुड्याचा पायथा जवळ असल्यामुळे यावल, चोपडा, शहादा भागात बिनकागदाचं लाकूड स्वस्तात पुढे येतं, घेऊ नका. बांधावरचं झाडही सहज तोडता येत नाही: साग, अंजन, मोह, खैर, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत. धाब्याचं घर उतरवल्यावर निघणारे सागाचे खांब आणि कड्या उत्तम माल असतो. विकणाऱ्याची सही असलेली पावती, घराचा फोटो ठेवा, नेण्याआधी वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा, आणि पात्याखाली घालण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा.

वीज

दोन एचपीचा टेबल सॉ, तीन एचपीचा रंधा आणि दोन एचपीचा भुसा ओढणारा पंखा मिळून सात एचपी, म्हणजे सव्वापाच किलोवॉट. तीन फेज मागा. महावितरणच्या अर्जात वापर जसा आहे तसाच लिहा. घरगुती जोडणीवर यंत्रं चालवली तर वीज अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. परवानाधारक ठेकेदाराचा तपासणी अहवाल जोडा.

नोंदणीनंतर

संस्थेच्या नावाने पॅन, मग बँक खातं. हिशेब ३१ मार्चला बंद करून लेखापरीक्षण करून घ्या. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत कलम २२ प्रमाणे बदल अर्ज द्या. तो राहिला तर परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं राहतात, आणि बँकेत नव्या अध्यक्षांची सही चालत नाही.