अटलांटिकमधली आकडेमोड

दुसऱ्या महायुद्धातल्या निर्णायक लढाया म्हटल्या की स्टॅलिनग्राड, एल अलामीन, मिडवे ही नावे पटकन आठवतात. अटलांटिकची लढाई मात्र मागे पडते. तिला ना ठरावीक रणांगण, ना ठरावीक दिवस. 1939 च्या सप्टेंबरात ती सुरू झाली आणि युरोपातले युद्ध संपेपर्यंत चालली. ब्रिटनचे तेल, बरेचसे धान्य, पुढे अमेरिकी सैनिक आणि रणगाडे हे सगळे याच समुद्रावरून यायचे. जर्मन पाणबुड्यांना तोडायची होती ती हीच रसद.

1941 मध्ये पॅट्रिक ब्लॅकेट हे भौतिकशास्त्रज्ञ ब्रिटनच्या किनारी हवाई दलात, कोस्टल कमांडमध्ये, सल्लागार म्हणून आले. त्यांच्या गटाने नवे शस्त्र मागितले नाही. आधी झालेल्या हल्ल्यांच्या नोंदी काढून ते वाचत बसले.

त्यात याच गटातल्या ई. जे. विल्यम्स यांना एक विसंगती दिसली. विमानातून टाकलेले डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, 100 फूट खोलीवर फुटतील असे लावलेले असत. हिशेब वरवर पाहता बरोबर होता: पाणबुडीला विमान दिसते, ती बुडी मारते, विमान पोचेपर्यंत तेवढी खोल जाते. पण इतकी आधी बुडालेली पाणबुडी नेमकी कुठे आहे हे वैमानिकाला कळणार कसे? नेम लागण्याची शक्यता होती ती पृष्ठभागावर असलेल्या किंवा नुकत्याच बुडालेल्या पाणबुडीवर, आणि तिच्या बाबतीत स्फोट फार खाली व्हायचा. डेप्थ चार्जचा मारक पल्ला जेमतेम 20 फुटांचा. म्हणजे दिसणारी पाणबुडी वाचायची आणि न दिसणाऱ्या पाणबुडीसाठी स्फोटके खर्च व्हायची! ही खोली टप्प्याटप्प्याने 25 फुटांवर आणली गेली आणि बुडणाऱ्या पाणबुड्यांचे प्रमाण वाढले. ब्रिटिशांनी जास्त जबर स्फोटक आणले असावे, असे पकडलेल्या जर्मन खलाशांना वाटले, असे ब्लॅकेट यांनी लिहून ठेवले आहे.

युद्धनौकांच्या पहाऱ्यात जाणाऱ्या मालवाहू जहाजांच्या ताफ्याबद्दलचा हिशेब तर शाळेतल्या भूमितीचा आहे. मोठा ताफा म्हणजे मोठे सावज, अशी नौदलाची समजूत होती. पण समजा 36 जहाजे सहा बाय सहा अशा चौकोनात चालली आहेत. ती 81 केली, नऊ बाय नऊ, तर जहाजे सव्वादोन पट होतात, पण राखायची कडा साधारण दीडपटच वाढते. शिवाय एका हल्ल्यात सरासरी किती जहाजे बुडतात, याचा ताफ्याच्या आकाराशी फारसा संबंध नाही, हेही नोंदींतून निघाले. मग मोठे ताफे निघू लागले. 1944 च्या उन्हाळ्यात एका ताफ्यात 160 हून अधिक जहाजे होती.

अर्थात नुसत्या कागदावर समुद्र जिंकता येत नाही. त्या काळच्या पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला वर यावेच लागे आणि ती रात्रीचा आडोसा घेई. सुरुवातीच्या विमानी रडारची तरंगलांबी दीड मीटर होती. जर्मनांनी 1942 मध्ये ती लहर पकडणारा ‘मेटॉक्स’ ग्राहक (रिसीव्हर) बसवला, त्यामुळे विमान येण्याआधीच पाणबुडी सावध होऊ लागली. त्यावरचे उत्तर आले ते बर्मिंगहॅम विद्यापीठातून. जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी 1940 मध्ये बनवलेला कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन सुमारे 10 सेंटिमीटरच्या लहरी भरपूर शक्तीने सोडायचा. लहर आखूड असल्यामुळे विमानात मावणाऱ्या छोट्या अँटेनातूनही झोत अरुंद निघतो आणि लाटांमधली बारीक वस्तू टिपता येते. मेटॉक्सला ही लहर ऐकूच येत नव्हती.

1943 च्या मार्चमध्ये एचएक्स 229 आणि एससी 122 या दोन ताफ्यांची मिळून 22 जहाजे बुडाली होती. दोनच महिन्यांत पारडे फिरले. लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने, जास्त सोबती युद्धनौका, फोडलेले सांकेतिक संदेश आणि हे रडार सगळे एकाच वेळी कामाला लागले. मे महिन्यात जर्मनीने 41 पाणबुड्या गमावल्या आणि 24 मे रोजी अ‍ॅडमिरल डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या.

गंमत अशी, की मॅग्नेट्रॉन तोवर जर्मनांच्या हाती लागलेला होता. फेब्रुवारीत रॉटरडॅमजवळ पडलेल्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानात तो सापडला होता. तरी पाणबुड्यांचा ठाव कसा लागतो याचा शोध घेताना संशय गेला मेटॉक्सवरच: त्याच्याच लहरींच्या मागावर विमाने येत असावीत! ऑगस्टमध्ये तो बंद ठेवण्याचे आदेश निघाले. आखूड लहरी ओळखणारा ‘नॅक्सॉस’ ग्राहक त्यानंतर पाणबुड्यांवर पोचला.