झोन दोन आणि विदर्भातली भूकंपनोंद

कोयनेचा धक्का 11 डिसेंबर 1967 चा. त्यानंतर 1970 मध्ये देशाचा भूकंप-नकाशा नव्याने काढला, तरी लातूर-उस्मानाबादचा पट्टा सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्येच राहिला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली.

पुढे 2002 मध्ये झोन एक रद्द करून दोनमध्ये मिसळला. या निर्णयावर बरीच टीका झाली: नकाशा भूकंपाच्या मागून धावतो, जिथे हादरा बसला तिथला रंग बदलतो, एवढेच. टीकेत तथ्य आहे, तरी निर्णय मला योग्यच वाटतो, कारण देशातला कोणताही भाग पूर्ण निर्धोक नाही हे त्याने मान्य केले. घोळ त्याच्या वाचनात झाला. विदर्भाचा बहुतेक भाग झोन दोनमध्ये आला आणि ‘दोन म्हणजे काळजी नाही’ असा सोयीचा अर्थ लावला गेला. झोनचा हा आकडा इमारत किती मजबूत बांधायची ते सांगतो. जमिनीखाली काय चालले आहे, भूकंपमापक यंत्रे लावायची की नाही, हे तो सांगत नाही. शिवाय मातीच्या, कुडाच्या, दगडी घरांना तो लागू करायला कोणी जातही नाही.

2018 च्या पावसाळ्यात धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीत जमिनीतून आवाज येऊ लागले, घरे हादरू लागली. अभ्यासपथके आली, तात्पुरती यंत्रे लागली. गाव सातपुड्यातल्या जुन्या भेगांच्या पट्ट्यात आहे. शेजारच्या खंडवा जिल्ह्यात, पंधाना भागात, 1998 पासून अशीच धक्क्यांची मालिका चालली होती. मोठा भूकंप न होता ती ओसरली. किल्लारीलाही 1992 मध्ये लहान धक्के जाणवले होते, तिथे वर्षभरात अनर्थ झाला. दोन्हींतला फरक आधी ओळखता येत नाही. म्हणूनच नोंद हवी.

नोंदीसाठी यंत्र जवळ लागते. धक्क्याची यंत्रापर्यंत पोचणारी पहिली लाट आणि तिच्यामागची दुसरी यांतल्या एका सेकंदाच्या फरकाला धक्क्याच्या जागेपासूनचे अंतर साधारण आठ किलोमीटर धरतात. धक्क्याचे केंद्र ठरवायला किमान तीन ठिकाणची नोंद लागते, आणि धक्का किती खोलवर झाला ते जवळच्या यंत्राशिवाय नीट कळत नाही. शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या यंत्राला दोन तीव्रतेचा धक्का दिसेलच असे नाही, गावाला मात्र तो आवाजासकट कळतो. मग ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘धक्का नाही’ असा सांगितला जातो. हे गावकऱ्यांवर अन्यायाचे आहे.

2024 मध्ये हिंगोलीला मार्च आणि जुलैत 4.5 चे धक्के बसले, ते वाशीम-यवतमाळपर्यंत जाणवले. 4 डिसेंबरला तेलंगणातल्या मुलुगूजवळच्या 5.3 च्या धक्क्याने गडचिरोली-चंद्रपूर हलले. गोदावरी खोऱ्याला हे नवे नाही, 1969 मध्ये भद्राचलमला 5.7 चा भूकंप झालाच होता. धारणी, पुसद-उमरखेड आणि सिरोंचा या तिन्ही बाजूंना कायमची भूकंपनोंद केंद्रे हवीत.