ईटनचं चॅपल आणि किंग्जचं चॅपल: राजा एक, छत सारखंच, मग ओळखायचं कसं?

उंचच उंच खिडक्या, वर दगडी पंख्यांचं छत, दोन्ही बाजूंना समोरासमोर तोंड करून मांडलेली लाकडी आसनं. इंग्लंडमधला असा फोटो दिसला की लोक डोळे झाकून "केंब्रिजचं किंग्ज कॉलेज चॅपल" (चॅपल म्हणजे संस्थेचं प्रार्थनाघर) म्हणून मोकळे होतात आणि कधीकधी ते निघतं ईटनचं, म्हणजे त्या प्रसिद्ध शाळेचं. उलटंही होतंच.

गोंधळ व्हायला कारणही तसंच आहे म्हणा. दोन्हीचा संस्थापक एकच, इंग्लंडचा राजा सहावा हेन्री. हा गादीवर आला तेव्हा एक वर्षाचाही नव्हता, आणि पुढे वयात आल्यावर राज्य सांभाळण्यापेक्षा त्याचा जीव रमला तो प्रार्थनेत आणि शाळा-कॉलेजं काढण्यात. १४४० मध्ये त्याने विंडसरच्या किल्ल्यासमोर, थेम्सच्या पलीकडच्या काठावर ईटनची शाळा काढली आणि लगेच १४४१ मध्ये केंब्रिजला किंग्ज कॉलेज, हिशोब असा की ईटनची पोरं शिकून पुढे किंग्जला जातील. दोन्हीकडे मोठं चॅपल हवंच होतं. ईटनची पायाभरणी १४४१ ची, किंग्जची २५ जुलै १४४६ ची. मग १४६१ मध्ये चौथ्या एडवर्डने त्याची गादीच काढून घेतली आणि दोन्ही कामं बोंबलली.

आता गंमत अशी की आज या दोन्ही चॅपलमध्ये शिरल्यावर आपण मान वर करून ज्याच्याकडे बघत राहतो त्यातलं जवळपास काहीच हेन्रीच्या हयातीतलं नाही. छत नाही, काचा नाहीत, चित्रं नाहीत. त्यामुळे दोन्हीतला फरक शोधायचा तर राजाला सोडून द्यायचं आणि त्याच्या माघारी कोणाच्या हातात पैसा आला ते बघायचं.

आधी आकार, कारण ते पटकन संपतं. किंग्जचं चॅपल पूर्ण झालेलं आहे: साधारण ८८ मीटर लांब, आतून १२ मीटर रुंद, छत २४ मीटर उंचावर, म्हणजे एक लांबच लांब अरुंद दगडी खोकंच, आणि मध्ये लाकडी स्क्रीन घालून त्याचे दोन भाग केलेत. ईटनचं अपुरं आहे. आज जे उभं आहे ते मूळ प्लॅनमधला फक्त पुढचा, गायकवृंदाचा आणि वेदीचा भाग. लोकांनी उभं राहायचा लांबलचक मागचा भाग बांधलाच गेला नाही. एडवर्डने तर १४६३ मध्ये ईटनची संस्थाच विंडसरच्या किल्ल्यातल्या सेंट जॉर्ज चॅपलच्या संस्थेत विलीन करायचा घाट घातला होता, तो पुढे फिरला, पण पैशाची आवक आटली ती आटलीच. शेवटी बिशप वेनफ्लीट यांनी पश्चिमेला एक छोटा बाहेरचा भाग जोडून काम कसंबसं गुंडाळलं. चॅपल किती लांब होणार होतं त्याची खूण सांगणारी पाटी समोरच्या रस्त्यापलीकडच्या इमारतीवर लावलेली आहे. ती बघितली की राजाचं डोकं किती मोठ्या मापाने चालत होतं ते कळतं.

आता छत. सगळा घोळ इथेच आहे आणि मला विचाराल तर सगळी मजाही इथेच.

दोन्हीकडे फॅन व्हॉल्ट आहे. भिंतीतल्या खांबातून दगडी काड्या निघतात आणि उघडत्या छत्रीसारख्या चारी बाजूंना पसरत वर जातात, शेजारच्या छत्रीला भिडतात, आणि मधे उरलेल्या जागेत नक्षीचे मोठे दगड बसतात. फोटोत दोन्ही छतं भावंडं वाटतात. पण किंग्जचं छत खरोखर स्वतःच्या पायावर उभं आहे. जॉन वॅस्टेल नावाच्या मुख्य गवंड्याने ते १५१२ ते १५१५ या काळात बांधलं, जगातलं सगळ्यात मोठं फॅन व्हॉल्ट आहे ते. दगडाला दगड रेटतो, तो रेटा बाहेरच्या बाजूला भिंतींवर येतो, आणि भिंती फाकू नयेत म्हणून बाहेरून जे जाडजूड दगडी टेकू दिलेत ते सगळं पेलतात. म्हणून तर भिंतीच्या जागी एवढ्या प्रचंड खिडक्या परवडल्या, कारण वजन मुळी खिडकीवर नाहीच, ते दोन खिडक्यांच्या मधल्या टेकूवर आहे. मजा म्हणजे सुरुवातीच्या प्लॅनमध्ये हे छत नव्हतंच, वेगळ्या जातीचं, आडव्यातिडव्या फासळ्यांचं छत ठरलं होतं. मधे साठ-पासष्ट वर्षं गेली तोवर फॅशन बदलली.

आणि ईटनचं छत? ते १९५० च्या दशकातलं! बरोबर वाचलंत. त्याआधी तिथे लाकडी छत होतं, त्याला डेथवॉच बीटल म्हणजे लाकूड आतून पोखरणारा भुंगेरा लागला आणि ते काढायची वेळ आली. मग सर विल्यम होल्फर्ड या आर्किटेक्टने नवीन फॅन व्हॉल्ट केलं, काँक्रीटचं, त्याला दिसायला दगडाचा मुलामा, फासळ्या क्लिपशॅमच्या दगडातून हाताने कोरलेल्या, आणि हे सगळं वरच्या स्टीलच्या कैच्यांनी तोललेलं. म्हणजे बघा, किंग्जमध्ये छत खालून वर उभं आहे आणि ईटनमध्ये वरून खाली धरलेलं आहे, खालून बघणाऱ्याला मात्र दोन्ही सारखंच. काही लोक याला नकली म्हणून नाक मुरडतात. मला नाही तसं वाटत, लाकूड किडल्यावर काहीतरी करायलाच लागणार होतं आणि खालच्या जुन्या भिंतींवर नव्याने दगडाचा रेटा टाकण्यापेक्षा हे शहाणपणाचं होतं. फक्त त्याच्याखाली उभं राहून "वा, पंधराव्या शतकातली कारागिरी" असं म्हणू नये एवढंच.

भिंतींवर आलं की मात्र गाड्या एकदम उलट्या दिशेला जातात. हेन्रीने आपल्या इच्छापत्रात स्पष्ट लिहून ठेवलं होतं की फार कोरीवकाम, फार नक्षीची भानगड नको. किंग्जच्या पूर्वेकडच्या भागात भिंती खरंच साध्या आहेत. पण स्क्रीनच्या अलीकडे पश्चिमेच्या भागात या, तिथे ट्युडर घराण्याने हात धुवून घेतलेत: मुकुट घातलेले गुलाब, किल्ल्याच्या जाळीच्या दरवाजाचं चिन्ह, राजचिन्ह धरून उभे असलेले ड्रॅगन आणि ग्रेहाउंड, सगळं हातभर पुढे आलेलं, खोल कोरलेलं. सातव्या आणि आठव्या हेन्रीने पैसे दिले तर नाव नको का लागायला! मधली ओकची स्क्रीन तर अजून बोलकी, तिच्यावर आठवा हेन्री आणि ॲन बोलीन यांची आद्याक्षरं कोरलीत. १५३३ मध्ये ती राणी झाली, मे १५३६ मध्ये तिचं डोकं उडवलं, त्यामुळे स्क्रीन कधीची हे कागदपत्रं न बघताही सांगता येतं.

ईटनच्या भिंतींवर दगड कोरलेला नाही, रंगवलाय. १४७९ च्या आसपास सुरू झालेली आणि साधारण १४८७ पर्यंत चाललेली ही तैलरंगातली चित्रं आहेत, फ्लेमिश वळणाची, बहुतेक राखाडी-करड्या रंगात आणि मधूनच लाल-हिरव्याचा हात. उत्तरेला मेरीमातेचे चमत्कार, दक्षिणेला खोटा आळ आलेल्या एका काल्पनिक सम्राज्ञीची गोष्ट, तिला शेवटी मेरीमाताच सोडवते. दोन प्रसंगांच्या मधे संत उभे आहेत ते असे रंगवलेत की कोनाड्यातल्या दगडी मूर्तीच वाटाव्यात. म्हणजे किंग्जमध्ये खरी मूर्तिकला आणि ईटनमध्ये मूर्तिकलेचा भास, तोही नुसत्या ब्रशने. १५६० मध्ये प्रोटेस्टंट मंडळींना हे चमत्कार खपेनात, तेव्हा कॉलेजच्या न्हाव्याला पैसे देऊन सगळ्यावर चुना फासून घेतला. हो, न्हाव्याला. १८४७ मध्ये चित्रं पुन्हा सापडली, पण तेव्हा आसनांच्या मागे उंच लाकडी छत्र्या बसवून ती परत झाकली, आणि नीट उजेडात आली ती १९२३ मध्ये.

खिडक्यांचं गणित दुसऱ्या महायुद्धाने ठरवलं. किंग्जमध्ये २६ मोठ्या खिडक्या आहेत, पश्चिमेची एकोणिसाव्या शतकातली सोडली तर बाकी सगळ्या १५१५ ते १५३१ मधल्या, वर बायबलच्या जुन्या करारातला प्रसंग आणि खाली त्याला जोड म्हणून नव्या करारातला, अशी मांडणी. युद्ध सुरू झाल्यावर जुन्या काचा बहुतेक सगळ्या उतरवून लपवल्या, त्यामुळे वाचल्या. ईटनमध्ये डिसेंबर १९४० ला शेजारच्या अप्पर स्कूल नावाच्या इमारतीवर बॉम्ब पडला आणि ऑर्गनवरची खिडकी सोडली तर जवळपास सगळ्या काचा गेल्या. म्हणून आज तिथे वेदीमागे आयरिश चित्रकार इव्ही होन यांची १९५२ ची खिडकी आहे, वर क्रूसावरचा येशू, खाली शेवटचं भोजन, आणि रंग इतके धीट की किंग्जच्या बारीक कलाकुसरीशी घोटाळा होणं अवघड आहे. त्यांच्या आजूबाजूला जॉन पायपर यांनी डिझाइन केलेल्या आणि पॅट्रिक रेंतियन्स यांनी बनवलेल्या आठ खिडक्या, चार चमत्कार आणि चार दृष्टांतकथा. घोळात भर म्हणजे किंग्जच्या काचा करणाऱ्यांतल्या एका मुख्य कारागिराचं नाव गॅलियन होन! दोन होन, मधे चारशे वर्षं, तेव्हा "होनची खिडकी" एवढंच वाचलं तर पहिलं नावही बघून घ्या.

वेदीमागे मोठं तैलचित्र दिसलं तर प्रश्नच नाही, ते किंग्ज. रुबेन्स या चित्रकाराचं चित्र आहे ते, १९६१ मध्ये कॉलेजला भेट मिळालं आणि ते पूर्वेच्या खिडकीखाली बसावं म्हणून तिथली फरशी खाली घेतली, त्यावरून बराच वादही झाला.

आणि फोटोत आसनांच्या वर रंगीबेरंगी झेंडे लटकत असतील तर ते दोन्ही नाही, ते विंडसरचं सेंट जॉर्ज चॅपल, ईटनहून नदीपलीकडे. त्याचं काम १४७५ मध्ये सुरू केलं त्याच एडवर्डने, आणि सहावा हेन्री पुरलेला आहे तोही तिथेच, एडवर्डच्या घरात म्हणा ना.