निओवाइज आणि निओ सर्व्हेयर यांत फरक काय?

पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह शोधणाऱ्या नासाच्या या दोन अवकाश दुर्बिणींची बातम्यांत नेहमी गल्लत होते. दोन्ही अवरक्त प्रकाशात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत, पाहणाऱ्या. मात्र निओवाइजचं काम २०२४ मध्ये संपलं. सर्व्हेयरच्या प्रक्षेपणाला नासाने जून २०२८ ची मुदत ठेवली आहे. (२०२० मध्ये नुसत्या डोळ्यांना दिसलेला निओवाइज धूमकेतू हा याच दुर्बिणीचा शोध.)

अवरक्तच का? साध्या प्रकाशात आपल्याला लघुग्रहावरून परावर्तित झालेलं ऊन तेवढं दिसतं. त्यामुळे काळाकुट्ट मोठा दगड आणि फिकट लहान दगड सारखेच तेजस्वी भासतात. निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून मोजलेली तेजस्विता) २२ असेल, तर परावर्तनांक (पडलेल्या उन्हापैकी परत फेकला जाणारा भाग) ०.२५ धरल्यास व्यास सुमारे १०५ मीटर येतो, ०.०४ धरल्यास २६५. वेग आणि घनता तीच असली, तरी धडकेच्या ऊर्जेत पंधरापटींहून जास्त फरक! उष्णता मोजली की आकार बराच नेमका कळतो. सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावरच्या, सुमारे ३०० केल्विन तापमानाच्या लघुग्रहाची उष्णता १० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते.

नेमकी तिथेच निओवाइज अडली. ४० सेंटिमीटरची ही दुर्बीण २००९ मध्ये 'वाइज' नावाने आकाशाचा नकाशा करायला गेली होती. तिला थंड ठेवणारा घन हायड्रोजन २०१० मध्ये संपला, दुर्बीण तापली आणि १२ व २२ मायक्रॉनचे तरंगलांबी-पट्टे निकामी झाले. २०१३ पासून लघुग्रहशोध चालला तो ३.४ आणि ४.६ मायक्रॉनवर. त्यातल्या ३.४ ला परावर्तित ऊन मिसळतं, म्हणून आकाराचा अंदाज सैल होतो. शिवाय कक्षा उंचावायला इंजिन नव्हतं. वातावरणाच्या घर्षणाने ती खाली येत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जळाली.

सर्व्हेयरची दुर्बीण ५० सेंटिमीटरची, म्हणजे फार मोठी नाही. महत्त्वाची आहे ती जागा: पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवरचा एल-१ बिंदू, जिथे यान पृथ्वीच्या जोडीनेच सूर्याभोवती फिरत राहतं. पृथ्वीची उष्णता दूर, पुढे सूर्यकवच. त्यामुळे संपणारं शीतक न वापरता संवेदक सुमारे ४० केल्विनपर्यंत थंड राहतात आणि १० मायक्रॉनपर्यंत पाहता येतं. निओवाइज सूर्यापासून साधारण ९० अंशांवर बघायची. सर्व्हेयर ४५ ते १२० अंशांचा पट्टा तपासेल.

निओवाइजला सापडलेल्या लघुग्रहाचा माग पुढे जमिनीवरच्या दुर्बिणींनी ठेवावा लागे, आणि काळे लघुग्रह त्यांना फार अंधुक दिसतात. सर्व्हेयर त्याच भागाकडे पुन्हापुन्हा वळून कक्षा स्वतःच ठरवेल. पाच वर्षांत पृथ्वीजवळून जाणाऱ्या, १४० मीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी दोन तृतीयांश शोधण्याचं लक्ष्य आहे. सूर्याभोवतीचे ४५ अंश मात्र तिच्याही नजरेबाहेर राहतील.