टाकी पांढरी पडली, बंपर गंजला: घासायला घेण्याआधी हे वाचा

निगडी, मोशी, चाकण पट्ट्यातल्या ट्रक, टँकर आणि टिपर मालकांसाठी

नवी घेतली तेव्हा डिझेलच्या टाकीत तोंड दिसायचं, आता हात फिरवला तर खडूसारखी पूड लागते. पॉलिशसाठी गाडी आमच्याकडे आणणाऱ्या बहुतेकांची तक्रार हीच असते. त्यातल्या निम्म्या गाड्यांवर आमच्या आधी कोणीतरी तारेची घासणी किंवा ॲसिड चालवलेलं असतं. नुसत्या दुर्लक्षामुळे खराब झालेला धातू आम्ही सहसा परत आणतो. चुकीच्या औषधाने खाल्लेला धातू आणायला दुप्पट मेहनत लागते आणि कधी कधी तो येतच नाही. म्हणून हे पत्रक.

आधी धातू ओळखा. खिशात लहानसं लोहचुंबक ठेवा. चकचकीत बंपरला ते घट्ट चिकटलं तर तो बहुधा लोखंडावर क्रोम चढवलेला. दुधाच्या टँकरच्या स्टेनलेसला ते जवळपास चिकटत नाही आणि अल्युमिनियमला तर अजिबात नाही. अल्युमिनियमवर मेटल पॉलिश लावून फडकं फिरवलं की फडकं लगेच काळं होतं. काळं झालं नाही तर वर कंपनीचा पारदर्शक लेप (लॅकर) किंवा अ‍ॅनोडायझिंग (विजेने मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा थर) असतं. तो थर उतरवल्याशिवाय कितीही घासा, उपयोग नाही.

अल्युमिनियम स्वतःच हवेतून ऑक्साइडचा पातळ थर धरतं आणि तोच त्याचं रक्षण करतो. पण पावसाळ्यातला चिखल महिनोन्‌महिने टाकीच्या पट्ट्यांखाली दबून राहिला, किंवा न्हावा-शेवा बंदराच्या फेऱ्यांत खारी हवा लागत राहिली, की थर फुटतो आणि ती पांढरी पूड येते. त्यावर ॲसिड मारलं की पाच मिनिटं स्वच्छ दिसतं, मग कायमचं मळकट पांढरं. शिवाय ब्राइटनर (धातू उजळायचं औषध) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते कातडीतून आत शिरतं आणि दुखणं कधी कधी काही तासांनी सुरू होतं. धुणारी पोरं हातमोज्यांशिवाय ते वापरताना दिसतात. कृपा करून त्यांना थांबवा. कॉस्टिक सोडा तर अल्युमिनियम खातोच, वर जे बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, पेट घेणारे.

आम्ही काय करतो ते सांगतो. टाकी शाम्पूने धुऊन वाळवतो, झाकण घट्ट लावतो आणि जवळपास लोखंडाचं ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग पूर्ण बंद ठेवतो, कारण अल्युमिनियमची बारीक भुकटी ठिणगीने पेटते. मग पाणीपेपर, म्हणजे पाणी लावून वापरायचा घासकागद; नंबर मोठा तितका तो बारीक: ४००, ६००, ८००, १०००, शेवटी १५००. प्रत्येक कागद आधीच्या रेघांना आडवा फिरवायचा. आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. इथे घाई केली तर बफ (मशीनवर फिरणारं कापडी चाक) मारल्यावर त्या रेघा उन्हात लख्ख दिसतात. नंतर बफला तपकिरी साबण आणि शेवटी मऊ कापडी बफला पांढरा. हा साबण म्हणजे मेणात बसवलेली घासपूड. पत्रा हात टेकवता येणार नाही इतका तापला की थांबायचं, नाहीतर साबण जळून काळे पट्टे बसतात. शेवटी उरतो तो काळपट तेलकटपणा. तो जायला कोरडा मैदा भुरभुरून मऊ फडक्याने पुसायचा. मैदा करडा होतो आणि खालून आरसा निघतो. फार पांढरी पडलेली टाकी असेल तर एका टाकीला अख्खा दिवस जातो.

अल्युमिनियमच्या चाकांना आम्ही जास्त वेळ देतो. पॉलिश पुसून काढल्यावरही एखादी केसासारखी काळी रेघ त्याच जागी पुन्हा पुन्हा उमटली तर ती चीर असू शकते. आत शिरलेलं पॉलिश बाहेर येत असतं. अशा वेळी काम थांबवून आम्ही मालकाला फोन करतो.

स्टेनलेसच्या बाबतीत आमचीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत चॅसिसवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) वापरलेलं घासायचं पॅड आम्ही दुधाच्या टँकरवर चालवलं. पंधरा दिवसांत टँकरवर चहाचे शिंतोडे उडाल्यासारखे तांबूस डाग आले. पॅडमधले लोखंडाचे कण पत्र्यात रुतून तिथे गंजले होते. तो टँकर आम्ही पैसे न घेता पुन्हा केला. तेव्हापासून स्टेनलेसचे पॅड वेगळ्या डब्यात असतात, दुसऱ्या कामाला कोणी हात लावत नाही. तारेची घासणीही याच कारणाने नको.

क्रोम वेगळंच. शोभेच्या क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्यावर पाणीपेपर म्हणजे क्रोमच काढून टाकणं. वरवरचा गंज पाण्यात भिजवलेल्या अल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने हलक्या हाताने निघतो. पापुद्रे सुटले असतील तर पॉलिशने काही होणार नाही, पुन्हा प्लेटिंगच करावं लागतं. तसं असेल तर आम्ही सरळ सांगतो आणि पैसे घेत नाही.

काँक्रीट मिक्सरवाल्यांनी सिमेंट ओलं असतानाच धुवावं. ते वाळलं की लोक हायड्रोक्लोरिक ॲसिड मारतात आणि शिडीचं स्टेनलेस खड्डे खड्डे होऊन जातं.

काम झाल्यावर मेण लावून देतो. मे अखेरीस एक हात आणि पाऊस संपल्यावर एक हात पुरतो. दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करा, पण नारळाचं पाणी आणि कुंकू त्याच दिवशी साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसा, रात्रभर राहिलं तर डाग धरतं.

दर गाडी पाहूनच सांगतो. आणताना चिखल धुऊन आणा आणि आधी काय काय लावलंय ते खरं सांगा. ॲसिड मारलं असलं तरी आम्ही बोल लावणार नाही. फक्त कितव्या नंबरच्या कागदापासून सुरुवात करायची ते आम्हाला कळतं.