पार्श्वभूमी : सर्व्हरच्या लॉगमधला ‘अनस्टेबल’

लिनक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, ‘टीएससी अनस्टेबल’ (प्रोसेसरमधला वेळ मोजणारा काउंटर भरवशाचा नाही) ही ओळ उमटली, की मदरबोर्ड बदलून द्या असं तिकीट पडतं. विक्रोळी-चांदिवलीच्या डेटा सेंटरांत रात्रपाळ्या काढलेल्यांनी या एका शब्दापायी चांगले बोर्ड परत पाठवलेत. मीही पाठवलेत.

आधी जुनं थोडक्यात. भारतीय प्रमाणवेळ 1906 मध्ये आली, तरी 39 मिनिटं मागे चालणारी ‘बॉम्बे टाइम’ या शहराने 1955 पर्यंत सोडली नव्हती. सर्व्हरमध्ये तसाच घोळ बॅटरीवरच्या घड्याळाचा असतो : ते यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवायचं की स्थानिक वेळेत? मुंबईत ही चूक लगेच पकडता येते, कारण फरक बरोब्बर साडेपाच तासांचा पडतो. लंडनला तीच चूक हिवाळाभर दिसत नाही. फरक साडेपाच तासांचा असेल तर हार्डवेअरला हात लावू नये.

सर्व्हर सुरू (बूट) झाल्यावर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ते घड्याळ एकदा वाचतो आणि पुढे स्वतःच मोजत राहतो. पूर्वी ही मोजणी टायमर चिपच्या ठोक्यांवर चाले, सेकंदाला 100 ठोके. कर्नलच्या 2.6 आवृत्तीने ते 1000 केले. डिस्कवर ताण आला किंवा व्हर्च्युअल मशीनला (सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी संगणकाला) वेळेवर सीपीयू मिळाला नाही, की ठोके हुकायचे. रात्री बॅकअप चालला की सकाळी घड्याळ मागे, हे त्या काळातलं नेहमीचं दुखणं. मग 2.6.18 च्या सुमारास ठोके मोजण्याऐवजी सलग धावणारा काउंटर वाचायची पद्धत रुळू लागली. त्याचं नाव क्लॉकसोर्स.

काउंटर तीन. वीज व्यवस्थापनाच्या एसीपीआय मानकातला पीएम टायमर, एचपीईटी हा जास्त अचूक टायमर आणि 1993 च्या पेंटियमपासून सीपीयूतच असलेला टीएससी. टीएससी वाचायला काही डझन नॅनोसेकंद पुरतात आणि प्रोग्रामला वेळ विचारायला कर्नलमध्ये जावं लागत नाही. एचपीईटी चिपसेटमध्ये बसतो. प्रत्येक वाचनाला कर्नलमध्ये शिरा, बसवरून जा, परत या.

पण टीएससीचं नाव 2005 च्या आसपास खराब झालं. तेव्हाच्या काही ड्युअल-कोर प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोरचा टीएससी वेगळा होता, आणि कोर झोपला की तो थांबे. प्रक्रिया एका कोरवरून दुसऱ्यावर गेली की वेळ चक्क मागे जायची. म्हणून कर्नलने पहारा बसवला. दर अर्ध्या सेकंदाने टीएससी दुसऱ्या काउंटरशी ताडून बघायचा, आणि फरक 62.5 मिलिसेकंदांपुढे गेला की टीएससीला अनस्टेबल ठरवून बाजूला करायचं.

माझा आक्षेप याच शब्दाला आहे. अनस्टेबल म्हणजे घड्याळाला ठोका देणारं क्रिस्टल बिघडलं, असं नाही. दोन साक्षीदारांचं जुळलं नाही, एवढंच कर्नलला माहीत असतं, आणि शिक्षा मात्र नेहमी टीएससीला होते. पीएम टायमर 24 बिटांचा, साधारण 4.7 सेकंदांत पुन्हा शून्यावर येणारा. बायॉसने (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरने) मध्येच सीपीयू ताब्यात घेतला किंवा व्हर्च्युअल मशीन काही सेकंद गोठलं, तर तुलनाच उशिरा होते आणि चूक पहारेकऱ्याची असते. 2008 नंतरच्या प्रोसेसरांत टीएससी वारंवारता बदलली तरी एकाच गतीने चालतो आणि झोपेतही थांबत नाही, तरी पहारा पुढे बरीच वर्षं तसाच राहिला. परिणाम असा, की टीएससीच्या जागी संथ काउंटर येतो; घड्याळ बरोबर दाखवतं, पण मिनिटाला लाखो वेळा वेळ विचारणारा डेटाबेस अचानक मंदावतो आणि कारण कुणालाच सापडत नाही. अशा वेळी कर्नलची माहिती दाखवणाऱ्या सिसएफएसमधली ‘करंट क्लॉकसोर्स’ फाइल आधी बघावी. तिथे एचपीईटी दिसला तर निम्मा शोध संपला. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने हे जास्त सरळ मांडलं. प्रत्येक काउंटरला गुणवत्तेचा आकडा दिला. उणे आकडा म्हणजे आपोआप निवडणार नाही.

2012 च्या लीप सेकंदाचा (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घड्याळात वाढवलेल्या सेकंदाचा) गोंधळ वेगळा. आपल्याकडे तो 1 जुलैच्या रविवारी पहाटे साडेपाचला आला. कर्नलच्या टायमरांना सेकंद वाढल्याचं कळवलंच गेलं नव्हतं, त्यामुळे ते एक सेकंद आधी सुटू लागले आणि जावा व डेटाबेसच्या प्रक्रिया सीपीयू शंभर टक्क्यांवर धरून बसल्या. घड्याळ आहे त्याच वेळेला पुन्हा लावलं की सगळं शांत. हार्डवेअरचा त्यात काहीच दोष नव्हता. 2035 पर्यंत लीप सेकंदाची आजची पद्धत बदलण्याचं 2022 मध्ये जागतिक पातळीवर ठरलं आहे.

2022 मध्येच केंद्राच्या सायबर यंत्रणेने सर्व्हर देशी वेळस्रोताशी जोडायला सांगितलं. त्यावर खूप वाद झाला, पण जो बिघाड नेटवर्कवरून सुटत नाही त्याचा उल्लेख त्या वादात मला कुठे दिसला नाही. नेटवर्कवरून वेळ जुळवणारा एनटीपीडी हा प्रोग्राम घड्याळाची गती दशलक्षात 500 भागांपर्यंतच सुधारू शकतो, म्हणजे दिवसाला 43.2 सेकंद. बूटच्या वेळी टीएससीची गती मोजतानाच बायॉस आडवा आला, तर चूक त्याहून मोठी असू शकते. रीबूटनंतर तिचा आकडा बदलतो आणि गतीतली आधीची चूक नोंदवलेली जुनी ड्रिफ्ट फाइल उलट्या दिशेला ओढते. दोन रीबूटनंतरचे आकडे शेजारी ठेवून बघितले, की क्रिस्टलचा दोष कुठला आणि मोजणीचा कुठला हे वेगळं होतं. बोर्ड काढायची वेळ त्यानंतरची.