मामाची पिवळी ते मिंट ग्रीन: लग्नातल्या रंगांची पार्श्वभूमी

लग्नाची तारीख ठरली की हल्ली व्हॉट्सॲपवर एक चित्र येतं. ओळीने पाच चौकोन, पाच रंग, खाली नावं: पीच, मिंट, आयव्हरी, लॅव्हेंडर, वाईन. मेंदीला हा, हळदीला पिवळा, संगीताला तो, रिसेप्शनला आणखी तिसरा. खाली ओळ: 'सर्वांनी थीम पाळावी ही विनंती.' घरातली मावशी ते चित्र बोटांनी मोठं करून बघते आणि विचारते, यातला पीच कुठला गं? पीच म्हणजे आपली अबोली, चार धुण्यांनंतरची.

हे फॅड नवं आहे, पण लग्नात रंगांचा हिशेब नवा नाही. मराठी लग्नात तो पूर्वीपासून होता आणि चांगला कडक होता. कोणता रंग कोणी आणायचा आणि तो कोणत्या विधीला अंगावर यायचा, हे ठरलेलं असे. अष्टपुत्री मामाकडून येते: पिवळी साडी, तांबड्या काठांची, जुन्या रीतीत साधी सुती. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' या आशीर्वादावरून तिला हे नाव. गौरीहर पुजायला मुलगी ती नेसून बसते. मग सासरचा शालू, म्हणजे बनारसी. हातात हिरवा चुडा, कासाराने भरलेला, बांगड्यांची संख्या विषम. गळ्यात काळे मणी. एकाच मुलीच्या अंगावर दोन दिवसांत पिवळा, तांबडा, हिरवा, काळा असे सगळे रंग येऊन जात, आणि प्रत्येकामागे एकेक नातं उभं असे. ते एकमेकांना शोभतात का, हे कोणी विचारत नसे. मामाने आणलेली पिवळी शालूच्या काठाशी जुळत नाही म्हणून परत पाठवायची कोणाची टाप होती?

हळद आणि कुंकू हे दोन वेगळे रंग वाटतात, पण त्यांचं मूळ एकच. हळदीत चुना किंवा खार मिसळला की ती लालभडक होते. घरी हळदीचा डाग साबणाने धुताना हा चमत्कार सगळ्यांनी पाहिला आहे. जुन्या पद्धतीचं कुंकू याच गुणावर बनतं. म्हणजे पत्रिकेच्या कोपऱ्यांना लावलेली बोटं, अक्षता, अंतरपाटावरचं स्वस्तिक, हे सारं एकाच कंदाच्या दोन रूपांवर चाललेलं असतं. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे पाठवायची, ही दोन्ही घरं एका रंगात आणण्याची जुनी तऱ्हा. तिला थीम म्हणायचं तर म्हणा.

हळद स्वस्त आणि घरातली, पण कापडावर तिचा रंग टिकत नाही, उन्हात उडतो. पक्क्या लालसाठी मंजिष्ठ किंवा लाख लागे, निळ्यासाठी नीळ. त्या रंगाईला वेळ लागे, हात लागत आणि पैसाही लागे. म्हणून तलम, पक्क्या रंगाचं रेशीम आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतलं जाई, आणि ते लेकी-सुनांकडे जाई. पैठणीच्या जुन्या रंगांना नावंही तशीच खास: लाल काठाची काळी कालीचंद्रकला, पोपटी हिरवी राघू, पांढरी शिरोदक.

पैठणीच्या विणीत आपली रंगसंगतीची समज दिसते. पारंपरिक विणीत आडवा धागा इकडून तिकडे नेणारे तीन धोटे चालतात: एक अंगाचा, दोन काठांचे. काठाचा आडवा धागा अंगात शिरत नाही, सीमेवर अंगाच्या धाग्यात अडकून परत फिरतो. त्यामुळे काठाचा रंग अंगात मिसळून मळत नाही, स्वच्छ राहतो. इरकलीचा पदर वेगळ्या रंगाचा, तोही अंगाला मागाहून जोडून विणलेला. विणकराने एवढी खटपट कशासाठी केली? हिरव्यावर लाल उठून दिसावा म्हणून. मराठी डोळ्याला जोडी आवडते ती विरोधाची: हिरवा-लाल, जांभळा-पिवळा, काळा-तांबडा. नवरीचा दुपट्टा, नवऱ्याची शेरवानी आणि मंडपाची फुलं एकाच फिक्या छटेत मिसळून टाकायची, ही आवड बाहेरून आली आहे. वाईट आहे असं म्हणत नाही. पण हिरव्या इरकलीचा लाल पदर पाहत वाढलेल्याला ती जरा अळणी लागते.

पांढऱ्याची कथा वेगळी. युरोपातही नवरी पूर्वी पांढऱ्यातच असे असं नाही. 10 फेब्रुवारी 1840 रोजी व्हिक्टोरिया राणी पांढऱ्या साटिनमध्ये लग्नाला उभी राहिली आणि तिथून ती चाल पसरत गेली. ती गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही रुजली, पण एकटी नाही. चर्चमध्ये पांढरा गाऊन, आणि नंतरचा पोशाख लाल, त्याला साडो म्हणतात. त्याआधी मामाकडे चुडो भरतात, हिरव्या-पिवळ्या-लाल बांगड्यांचा. धर्म बदलला, राज्य बदललं, पण मामाने बांगड्यांचा मान सोडला नाही.

महाराष्ट्रात पांढऱ्याला आणखी एक अर्थ आला, आणि तो ठरवून आला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा जमलेले लाखो लोक शुभ्र कपड्यांत होते. बौद्ध पद्धतीच्या लग्नात वधूवर पांढऱ्या वस्त्रांत, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, त्रिशरण आणि पंचशील. जो रंग इतरांच्या लग्नात अशुभ मानून टाळला जायचा, तो इथे नवरीचा झाला. गंमत पाहा, ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेला नेसवत ते आलवण तांबडं असे. तेव्हा लाल शुभ आणि पांढरा अशुभ, हे सूत्र आपण समजतो तितकं सरळ कधीच नव्हतं. काळ्याचंही तेच. लग्नात काळी साडी नको म्हणणारीच सासू पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकला आणि हलव्याचे दागिने आणते.

रंगांची ही वाटणी ढिली व्हायला लागली ती कारखान्यांमुळे. 1856 मध्ये लंडनला विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग काढला. 1859 मध्ये फ्रान्समध्ये झणझणीत गुलाबी निघाला, त्याला इटलीतल्या एका लढाईवरून मॅजेंटा नाव पडलं. आपल्या साडीच्या दुकानातला 'राणी कलर' त्याच जातकुळीचा. मंजिष्ठेचा लाल 1869 पर्यंत प्रयोगशाळेत तयार झाला, कृत्रिम नीळ 1897 मध्ये बाजारात आली. पुडीतला रंग स्वस्त झाला तशी निवड वाढली. चिंतामणी, मोरपिशी, गुलबक्षी, डाळिंबी, आमसुली: दुकानदार गादीवर साड्यांची रास ओततो आणि आत्या म्हणते, 'यातच जरा डार्क दाखवा.' लग्नाचा बस्ता असा रंगांचा बाजार झाला.

पण तरीही सगळ्यांनी एका रंगात यायचं, हे कोणाच्या मनात नव्हतं. ते कॅमेऱ्याने आणलं. लग्नाचा अल्बम कृष्णधवल होता तोवर नवरीच्या मागे उभ्या असलेल्या काकूंनी काय नेसलं, याने काही बिघडत नसे. ऐंशीच्या दशकात रंगीत टीव्ही आला, मागोमाग रंगीत अल्बम आणि व्हिडिओ शूटिंग, आणि लग्न चौकटीत कसं दिसतं हा प्रश्न पहिल्यांदा पडला. मग मोबाइल आला. आता चौकट प्रत्येकाच्या हातात आहे.

दुसरं शिक्षण आपल्याला नवरात्राने दिलं. नऊ दिवसांचे नऊ रंग ही प्रथा पुराणातली नाही. दोनेक दशकांपूर्वी मुंबईच्या एका मराठी दैनिकाने ती सुरू केली, वाराप्रमाणे रंग वाटून: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा. लोकलच्या लेडीज डब्यापासून बँकेच्या काउंटरपर्यंत बायका एका रंगात दिसू लागल्या, फोटो छापून येऊ लागले. ठरलेल्या दिवशी ठरलेला रंग घालून एकत्र उभं राहायचं, ही सवय तिथे अंगवळणी पडली. हळदीला सगळ्यांनी पिवळ्यात या म्हटल्यावर कोणी खळखळ केली नाही, ती उगाच नाही.

फिक्या रंगांची लाट त्यानंतरची. 11 डिसेंबर 2017 ला इटलीत अनुष्का शर्मा फिक्या गुलाबी लेहेंग्यात विराट कोहलीशेजारी उभी राहिली, आणि त्या फोटोनंतर पेस्टलची मागणी आपल्याकडच्या दुकानांतही वाढली. येवल्यात आता मिंट आणि लॅव्हेंडर पैठणी विणली जाते. मोर तेच, पदराची जर तीच.

अष्टपुत्री मात्र अजून कुठल्या पॅलेटमध्ये बसलेली नाही. शिवलेली नऊवारी म्हणून ती तयार मिळते, सुतीची रेशमी झाली, पण रंग पिवळाच. सकाळी मुलगी गौरीहर पुजायला बसते तेव्हा हॉल मिंटने सजलेला असतो, फोटोग्राफर मागची फुलं चौकटीबाहेर ठेवायला धडपडतो, आणि मामा बाजूला उभा असतो, साडीची रिकामी पिशवी घडी करून खिशात घालत.